एक एकर जपान

डोमनलाल गुरुजींनी आयुष्यात सरकारकडे दोनदाच काही मागितलं. एकदा बदली मागितली, ती मिळाली नाही. दुसऱ्यांदा सबसिडी मागितली, तिची ही हकीकत.

साल चौपन्न. आपला मुलूख तेव्हा मध्यप्रदेशात होता, जिल्हा भंडारा होता आणि देशाला तांदूळ कमी पडत होता. सरकारनं शोधून काढलं, की जपानात एका एकरात आपल्या तिप्पट धान होतो, कारण तिथे रोपं सरळ रांगेत लावतात. जो शेतकरी एक एकर जपानी पद्धतीनं रोवील त्याला खत अर्ध्या किमतीत आणि वर तीस रुपये रोख. गोरेगावच्या बाजारात एका माणसानं हे भोंग्यातून तीनदा सांगितलं. लोकांनी ते तीनदा ऐकलं आणि मिरचीचा भाव विचारला. गुरुजी मात्र हातातली पिशवी खाली ठेवून उभेच राहिले.

त्याला कारण होतं, आणि ते तीस रुपये नव्हतं.

घरची धानाची जमीन अकरा एकर. वडील गेले तेव्हा गुरुजी बावीस वर्षांचे आणि धाकटा झामसिंग बारा वर्षांचा. गुरुजींनी शाळा धरली, पुढे झामसिंगनं नांगर धरला, आणि कुणी काय धरायचं यावर दोघांत पुन्हा कधी बोलणं झालं नाही. जमीन दोघांच्या नावावर, चूल एक. गावात हे नवलाचं होतं. गाव पवारांचा. त्यांचे पूर्वज माळव्यातून आले ते म्हणे सगळा संसार एका गाडीत घालून आले; पण त्यांच्या नातवंडा-पणतवंडांना एका घरात राहणं जमेना. दर दोन वर्षांनी कुठल्या तरी अंगणात दुसरी चूल पेटायची. गुरुजी वर्गात एकीचा धडा शिकवताना स्वतःच्या घराचा दाखला देत, आणि पोरांनी तो इतक्या वेळा ऐकलेला, की ती गुरुजींच्या आधीच म्हणून टाकत.

मात्र या एकीत गुरुजींना एक बारीक काटा सलत होता. शेतातलं सगळं झामसिंगला कळतं आणि गुरुजींना काहीच कळत नाही, असं गावानं ठरवून टाकलं होतं. कधीकाळी निंदणीला बसले असता त्यांनी तण ठेवून धान उपटला होता. एकदाच. त्याला वीस वर्षं झाली होती. पण गावाला अशा गोष्टींची तारीखवार आठवण असते. शेजारचा दुधराम तर अजून भाजीची जुडी निवडताना म्हणायचा, "गुरुजीले नोका दाखवू, थे देठ ठेवून पाला फेकतीन."

त्या वर्षी झामसिंगच्या सासऱ्याचा पाय मोडला आणि सालेकशाकडचा त्यांचा धानलावणीचा रोवणा अडला. झामसिंग बायकोला घेऊन तिकडे निघाला. जाताना म्हणाला, "दादा, आपले पऱ्हे तयार व्हाले दहा-बारा दिवस हायेत. तंवर मी येतोच. नाई आलो तं रुख्माले निरोप द्या. बाया आपल्या आपन करतेत. तुमी फक्त धुऱ्यावर उभे राहा."

धुऱ्यावर उभे राहा! म्हणजे शेताच्या बांधावरून नुसतं बघा! शाळेला रोवण्याची सुट्टी लागली होती. गुरुजींनी मनात ठरवलं, की झामसिंग परत येईल तेव्हा सखल तराईतली एक एकराची बांधी, म्हणजे धानाचं खाचर, जपानी रांगांत उभी असेल, वर सरकारी शिक्का असेल, आणि मग कोणी कुठे उभं राहायचं ते बघू.

योजनेची कचेरी दोन कोसांवर होती. तिथले बाबू गोंदियाचे. त्यांनी अर्ज वाचला आणि चष्मा कपाळावर नेला.

"गुरुजी, काश्तकार का नाम एकच पाहिजे. इथं दोन हैत."

"दोघे भाऊ आहोत."

"वो तो बडी अच्छी बात हाय. पन खाना एकच हाय." बाबूंनी अर्जातला चौकोन बोटानं दाखवला. त्यात खरोखरच एका भावापुरती जागा होती. "एक तो छोटे भाई की रजामंदी लाओ, नाहीतर पटवाऱ्याचा दाखला लाओ, की ही बांधी अलग से तुमच्या ताब्यात हाय."

रजामंदीसाठी झामसिंगला पत्र लिहायचं म्हणजे आधी त्याला सगळं सांगायचं. मग गंमत काय राहिली? शिवाय तो हसला असता. गुरुजी पटवाऱ्याकडे गेले. पटवारी आंघोळीला निघाला होता. म्हणाला, "यात का हाये जी? कागदावरच तं वेगळं दाखवाचं हाये. घरी कोन पाहाले येते!" आणि मांडीवर फळी आणि कागद घेऊन लिहायला बसला. त्याचं ते मोडकं, एकात एक गुंतलेलं अक्षर पाहून गुरुजींच्यातला शिक्षक अस्वस्थ झाला. असला कागद सरकारदरबारी जाणार, आणि त्यात आपलं नाव! त्यांनी दौत पुढे ओढली आणि स्वतःच्या सुंदर, टपोऱ्या अक्षरात लिहिलं, की तराईतली एक एकर बांधी ही आपल्या स्वतंत्र वहिवाटीची असून तिचा भाऊ झामसिंग याच्याशी संबंध नाही. पटवाऱ्यानं आंघोळीच्या घाईत खाली सही ठोकली.

'संबंध नाही' लिहिण्याआधी गुरुजींनी टाक दोनदा दौतीत बुडवला, असं म्हणतात. पण वाक्य चांगलं जमलं होतं.

मग आला ग्रामसेवक ईश्वरदास. वर्ध्याकडचा, नुकताच शिकून आलेला. बोलणं अतिशय नम्र आणि पिंढऱ्या अतिशय गोऱ्या. त्यानं सांगितलं, की दोरी हवी. दर दहा इंचांवर खूण हवी, आणि दोरीच्या खुणेवर एक-एक रोप. गुरुजींनी अंबाडीची लांब दोरी पैदा केली. शाळेची फूटपट्टी घरी आणली. खुणांना चिंध्या हव्या होत्या, म्हणून बायकोचं, फुलवंताबाईंचं, एक जुनं लाल लुगडं फाडलं. ते फारसं जुनं नव्हतं, हे नंतर कळलं. साठ चिंध्या बांधून झाल्यावर ती दोरी इतकी देखणी दिसू लागली, की गुरुजींनी ती अंगणात ताणून दोन वेळा फक्त पाहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी आणि ईश्वरदास यांनी ती दोरी तराईच्या बांधीवर आडवी ताणली.

आता इथे गावची एक रीत सांगायला हवी. त्या गावात बांधीवर आडवी दोरी एकाच प्रसंगी पडे. पंच धुऱ्यावर बसत, एक टोक थोरल्याच्या हाती, दुसरं धाकट्याच्या हाती देत, आणि दोरी जिथे ताणली जाई तिथे नवा धुरा पडे. मग दोघा भावांनी नारळ फोडायचा आणि आपापल्या घरी जायचं. दोरी म्हणजे वाटणी. हे गुरुजींना ठाऊक नव्हतं का? त्याच गावात त्यांचा जन्म गेला होता. चार घरांच्या वाटण्यांत ते स्वतः पंच होते. पण माणसाच्या डोक्यात एकदा जपान शिरला, की गाव बाहेर पडतो.

पहिला आला दुधराम. तो धुऱ्यावर बसला, तंबाखू मळली आणि बराच वेळ काही बोलला नाही. दुधराम बोलत नाही म्हणजे कुणीतरी गेलं असणार, असं वाटून गुरुजींनीच विचारलं, "काय झालं?"

"का होनार जी. होनारच होतं. आज ना उद्या सगळ्याइकडंच होते." त्यानं सुस्कारा सोडला. "पन तुमच्याइकडं नाई होनार, असं मी बायकोले सांगत राहत होतो. हरलो."

"अरे, ही जपानी पद्धत आहे!"

"हो जी," दुधराम समजूतदारपणे म्हणाला. "नाव काहीबी देता येते."

दुपारपर्यंत घरी माणसं येऊ लागली. शेजारच्या गीताबाई फुलवंताबाईंजवळ बसून डोळ्याला पदर लावून रडल्या आणि रडता रडता घरातली भांडी मोजून गेल्या. पाणी भरायचा पितळेचा मोठा गुंड कुणाकडे जाणार, असं त्यांनी सहज विचारलं. फुलवंताबाई म्हणाल्या, "गुंड माह्या माहेरचा होय. थो कोठीच नाई जात." आणि लगेच त्यांच्या लक्षात आलं, की नाही म्हणायच्या नादात आपण वाटणीला उभ्या राहिलो. संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला एवढंच विचारलं, "खरं सांगा, का चालून राहिलं हे?" गुरुजींनी त्यांना जपानची लोकसंख्या, हवामान आणि दर एकरी उत्पन्न सांगितलं. फुलवंताबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "आणि माहं लुगडं?" त्या म्हणाल्या.

तरी खरा पेच रुख्मानं घातला. रुख्मा म्हणजे वीस बायांच्या टोळीची मुखत्यार. तिच्याशिवाय त्या शिवारात एक रोप चिखलात जात नसे. ती टोळी घेऊन आली, दोरी पाहिली आणि पदर खोचून धुऱ्यावरच थांबली.

"आमी नाई उतरत जी."

"का? मजुरी नेहमीचीच आहे."

"मजुरीची गोष्ट नाई. दोरी पडलेल्या बांधीत दोन्ही भाऊ हजर पाहिजे. उद्या झामसिंगभाऊ म्हनतीन, रुख्मानं माह्या हिश्शात दादाचा धान रोवला. मंग मी कोनाले तोंड दाखवू?"

"रुख्मा, ही वाटणी नाही. जपानात सगळे अशी दोरी लावूनच रोवतात."

"जपानात भाऊ-भाऊ नाई राहत का जी?" रुख्मानं विचारलं. तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं. गुरुजींच्या वाचनात या मुद्द्याचा उल्लेख कुठे आला नव्हता.

बाया परत गेल्या. रोपांचे पऱ्हे उपटून ठेवलेले, योजनेच्या साहेबांची तपासणी तीन दिवसांवर. तेव्हा गुरुजी धोतर खोचून स्वतः चिखलात उतरले आणि ईश्वरदासलाही उतरवलं. पहिल्या दिवशी तीन रांगा झाल्या. त्यांतली पहिली सरळ होती, दुसरी पहिलीकडे ओढ घेत होती आणि तिसरी दोघींना ओलांडून गेली. ईश्वरदासच्या गोऱ्या पिंढऱ्यांना सहा जळवा लागल्या. त्यानं त्या दहा-दहा इंचांवर आहेत का, असं बघितलं नाही, पण दुधरामनं धुऱ्यावरून बघितलं आणि गावाला सांगितलं. दुसऱ्या दिवशी गुरुजी मागे सरकता सरकता चिखलात बसले. बसले ते बसलेच. मागे खुर्ची असणारच, या भरवशावर बसायची त्यांना शाळेतली सवय.

गुरुजींच्या कंबरेला तेल लावताना फुलवंताबाई म्हणाल्या, "भाऊजींले निरोप धाडू का?"

"मुळीच नाही," गुरुजी पालथे पडून म्हणाले.

निरोप धाडायची गरजच नव्हती. बाजाराच्या दिवशी गोरेगावात दुधरामनं एका ओळखीच्याला सांगितलं, त्यानं आमगावच्या एका गाडीवानाला, आणि दोरीची बातमी सालेकशाला पोचली तेव्हा तिच्यात दोन पंच आणि एक फोडलेला नारळही होता.

तपासणीच्या दिवशी सकाळी गुरुजी गुडघाभर चिखलात वाकलेले असताना समोर धुऱ्यावर झामसिंग येऊन उभा राहिला. पहिली गाडी धरून गोंदियाला आला होता आणि तिथून चालत. खांद्यावर गाठोडं होतं आणि तोंड उतरलं होतं. गुरुजींनी मान वर केली. झामसिंग भांडायला आला असता तर त्यांना उत्तर सुचलं असतं. तो भांडला नाही. त्यानं दोरीकडे पाहिलं, तिच्या दोन्ही अंगांना पाहिलं आणि विचारलं,

"दादा, माही बाजू कोनती?"

पंधरा वर्षं वर्गात अखंड बोललेल्या माणसानं हातातलं रोप उलटं चिखलात खोचलं.

"जे द्याल थे घेतो," झामसिंग म्हणाला. "तुमी कमी देनार नाई, हे मले मालूम हाये. पन मी नसताना कायले? एकडाव विचारलं असतं."

"झामसिंग, ही जपानी..." गुरुजींनी सुरुवात केली. तेवढ्यात जीप आली.

जीपमधून साहेब उतरले, बाबू उतरले, पटवारी उतरला. मागून सगळा गाव आला. रुख्मा आणि तिच्या बायाही आल्या; काम नाही तर नाही, बघायला काय जातं? साहेबांनी रांगा पाहिल्या. पुष्कळ वेळ मान वाकडी करून पाहिल्या, कारण मान वाकडी केली की त्या सरळ दिसत होत्या. साहेब सज्जन होते. म्हणाले, "पहिलंच वर्ष आहे, चालेल. उरलेलं दोन दिवसांत रोवून घ्या." मग कागद काढला. "फक्त एवढं सांगा. बांधी तुमची एकट्याची आहे ना? भावाचा संबंध नाही?"

गाव धुऱ्याकडे सरकला. हो म्हटलं की सबसिडी मिळत होती, सरकारी शिक्का मिळत होता, आणि दुधरामच्या पुढच्या वीस वर्षांच्या गप्पांतून तणाची गोष्ट नाहीशी होत होती. झामसिंग धुऱ्यावर उभा होता. तो चिखलाकडे बघत होता.

"आहे," गुरुजी म्हणाले. "संबंध आहे. बांधी दोघांची आहे."

पटवारी खोकला. बाबूंनी चष्मा कपाळावर नेला. साहेब म्हणाले, "मग हे काय?" आणि कागद पुढे केला. तो गुरुजींच्या हाती जाण्याऐवजी धुऱ्यावर उभ्या असलेल्या झामसिंगच्या हाती गेला. झामसिंग चौथीपर्यंत शिकला होता. गुरुजींनीच शिकवलं होतं. तो बोट ठेवून सावकाश वाचत गेला आणि शेवटच्या ओळीवर थांबला.

"हे पटवाऱ्यानं लिहिलं," गुरुजी घाईनं म्हणाले. "म्हणजे, त्याच्याच म्हणण्यावरून..."

"अक्षर तुमचं हाये, दादा."

गुरुजी आयुष्यात पुष्कळदा फजीत झाले. ते सगळे प्रसंग ते स्वतः रंगवून सांगत. हा मात्र त्यांनी कधी सांगितला नाही. इतरांनी सांगितला. म्हणतात, की त्यांनी हाताचा चिखल धोतराला पुसला आणि ते म्हणाले, "माझंच आहे. तुला दाखवायचं होतं, की मलाही येतं."

"का येते?"

"शेती."

झामसिंगनं त्या तीन रांगांकडे पाहिलं. त्यानंही मान थोडी वाकडी केली. मग कागदाची घडी घातली आणि साहेबांना परत दिली. "साहेब, दोघायचं नाव बसत नसन तं राहू द्या. तुमचा खाना लहान हाये." गाठोडं धुऱ्यावर ठेवलं, धोतर खोचलं आणि चिखलात उतरून दोरीचं पलीकडचं टोक उचललं.

"धरा तिकडून," तो म्हणाला. "पऱ्हे सुकून राहिले."

एक टोक थोरल्याच्या हाती, एक धाकट्याच्या. गावानं एकमेकांकडे पाहिलं. आता तर शंकाच उरली नाही. दुधरामनं नारळ आणायला माणूस धाडला. रुख्मा मात्र पदर खोचून खाली उतरली.

"आता दोन्ही भाऊ हजर झाले," ती बायांना म्हणाली. "चला वो."

दोन दिवसांत अख्खी बांधी रोवून झाली. नारळ आला होता तो फुलवंताबाईंनी भाजीत घातला. दोन्ही दिवस झामसिंग भावाशी कामापुरतं बोलला. तिसऱ्या दिवशी जेवताना त्यानं न विचारता गुरुजींच्या ताटात स्वतःच्या वाट्याचा पापड ठेवला, आणि फुलवंताबाई चुलीकडे तोंड करून जरा वेळ बसल्या.

सबसिडीचं काय झालं? बाबूंनी 'सामाईक खातं, अभिप्रायार्थ' असा शेरा मारून फाईल नागपूरला पाठवली. छप्पन साली राज्य बदललं आणि फाईल मुंबईला गेली असावी. एकदा एक पत्र आलं, त्यात डोमनलाल आणि झामसिंग या दोन व्यक्ती आहेत की एक, अशी विचारणा होती. गुरुजींनी आपल्या टपोऱ्या अक्षरात उत्तर लिहायला घेतलं, बराच वेळ विचार केला आणि पत्र तसंच ठेवून दिलं.

धान त्या एकरात थोडा जास्त झाला. किती जास्त, यावर घरात शेवटपर्यंत एकमत झालं नाही. पण पुढच्या वर्षी रोवण्याच्या आधी झामसिंगनं स्वतःच दोरी काढली, नव्या चिंध्या बांधल्या आणि शाळेला सुट्टी लागेपर्यंत तराईची बांधी राखून ठेवली. त्यापुढेही दरवर्षी तसंच. बाकीची दहा एकर रुख्माच्या पद्धतीनं, आणि ती एक जपानी. दोन टोकांना दोघे भाऊ, मधे वाकलेल्या बाया, आणि रस्त्यानं जाणारा परगावचा कुणी थांबून विचारायचा, "वाटणी चालू हाये का जी?" दुधराम म्हणायचा, "हो. दरसालची हाये."

साठ सालच्या चैत्रात गुरुजी गेले. त्या श्रावणात झामसिंग एकटा तराईत उतरला. एक टोक स्वतः धरलं, दुसरं धुऱ्यावरच्या खुंटीला बांधलं. बाया वाकल्या. थोड्या वेळानं रुख्मा कंबर सरळ करून म्हणाली, "भाऊ, खुंटीकडून दोरी सैल हाये. ताणून घ्या ना."

झामसिंगनं तिकडे पाहिलं.

"राहू दे," तो म्हणाला. "दादाबी सैलच धरत."